पटलं की कळलं? पाश्चात्त्य तत्त्वज्ञान पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

कॉलेजात असताना मी वादविवाद स्पर्धा गाजवायचो. चिठ्ठी उचलायची, ‘अनुकूल’ निघाली की अनुकूल, ‘प्रतिकूल’ निघाली की प्रतिकूल. एकाच विषयावर एका गावात एका बाजूने आणि आठवड्याभराने दुसऱ्या गावात दुसऱ्या बाजूने बोलून दोन्हीकडून करंडक आणल्याचा पराक्रमही नावावर आहे. पुढे विमा विकायला लागलो, तिथे हीच जीभ कामाला आली. एका निवृत्त शिक्षकांच्या वयाला आणि गरजेला मुळीच न जुळणारी पॉलिसी मी ४० मिनिटांत त्यांच्या गळी उतरवली. खोटं वाक्य एकही बोललो नव्हतो. दोन वर्षांनी ते ती मोडायला आले तेव्हा चिडले नाहीत. “तुम्ही बोलता फार छान हो,” एवढंच म्हणाले.

हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून मी नीतिशास्त्राची पुस्तकं शोधू लागलो. पहिली दोन वर्षं बहुतेक वाया गेली. थेल्स या पहिल्या ग्रीक तत्त्वज्ञापासून सुरू होणारा जाडजूड इतिहास घेतला आणि ‘एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही’ म्हणणाऱ्या हेराक्लिटसच्या नदीत बुडालो. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या सर्वांत अवघड ग्रंथाची १२ पानं वाचली आणि ताप आल्यासारखं झालं. ज्या क्रमाने शेवटी वाट सापडली तो क्रम खाली देतोय. तत्त्वज्ञान शिकवायला मी कोणी प्राध्यापक नाही. रस्त्यातले खड्डे मात्र मोजलेले आहेत.

## आधी जवळ काय हवं

- सॉक्रेटिसचा शिष्य प्लेटो याचा ‘गॉर्जियस’ हा संवाद आणि ‘अपॉलॉजी’, म्हणजे सॉक्रेटिसचं कोर्टातलं बचावाचं भाषण. बेंजामिन जॉवेटचं इंग्रजी भाषांतर जुनं असल्यामुळे फुकट मिळतं. भाषा थोडी जड, पण चालतं.
- प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल याचं वक्तृत्वावरचं ‘ऱ्हेटॉरिक’: पहिल्या भागाची पहिली तीन प्रकरणं आणि दुसऱ्या भागाची पहिली ११. बाकीचं नंतर.
- त्याचंच ‘निकोमाकियन एथिक्स’: भाग पहिला आणि दुसरा. जमल्यास सातवा.
- कांटचं ‘ग्राउंडवर्क’ (१७८५) आणि मिलच्या ‘ऑन लिबर्टी’चं (१८५९) फक्त दुसरं प्रकरण.
- अडलं की बघायला: मराठी विश्वकोश, वाचनालयात मिळाल्यास दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’, आणि इंग्रजीत स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश, जो इंटरनेटवर मोफत आहे.
- एक दोनशेपानी वही. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘तो काय म्हणतो’, उजवीकडे ‘मी काय म्हणतो’.

प्रत घेताना एक गोष्ट तपासा. समासात ४६२सी, ४८२ई असे आकडे आहेत का? प्लेटोच्या ग्रंथांना सगळीकडे हेच पृष्ठांक चालतात. १५७८ साली आंरी एस्तियेनने, लॅटिनमध्ये स्टेफानुसने, छापलेल्या आवृत्तीची ती पानं. ॲरिस्टॉटलसाठी तसेच बेकरचे आकडे आहेत, १८३१च्या बर्लिन आवृत्तीतले. फुकट मिळणाऱ्या अनेक प्रतींत हे आकडे गाळलेले असतात आणि मग ‘४६५ बघा’ म्हटलं की तुम्ही हरवता. टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ या डिजिटल ग्रंथालयात आकड्यांसकट मजकूर मोफत आहे.

## १. शतकांपासून नको, प्रश्नापासून सुरू करा

‘पाश्चात्त्य तत्त्वज्ञान वाचायचंय’ हे ‘महाराष्ट्र बघायचाय’ म्हटल्यासारखं आहे. कुठून निघणार? तुमचा एक प्रश्न हवा. माझा होता: एखाद्याला पटवणं आणि त्याला शिकवणं यात फरक आहे का?

हा प्रश्न घेऊन निघालं तर एक फायदा होतो. पश्चिमेत तत्त्वज्ञान आणि वक्तृत्वशास्त्र यांचं भांडण जुनं आहे, आणि नीतीचा प्रश्न त्या भांडणातच उभा राहतो. तुमचा प्रश्न वेगळा असेल तर खुशाल तो घ्या, पण वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि दर महिन्याला पुन्हा वाचा. माझा प्रश्न तीनदा बदलला.

## २. ग्रंथाआधी गाव बघा

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं अथेन्स. धोरणं पनिक्स टेकडीवर भरणाऱ्या नागरिकांच्या सभेत ठरायची. (स्त्रिया, गुलाम, परके सगळे त्याबाहेर. हे विसरून ‘लोकशाहीची जन्मभूमी’ म्हणत हरखून जाऊ नका.) खटल्यात वकील नसायचे. फिर्यादी आणि आरोपी, दोघांनी आपापलं भाषण स्वतः करायचं. समोर चिठ्ठीने निवडलेले शेकडो नागरिक, बाजूला पाण्याचं घड्याळ. पाणी संपलं की बोलणं संपलं. पैसे देऊन भाषण लिहून आणता यायचं, लिसियासचं नाव त्याच धंद्यात गाजलं.

अशा गावात जीभ हे हत्यार. म्हणून ती शिकवणारे गुरू आले, फी घेऊन शिकवणारे. त्यांना सोफिस्ट म्हणत. सिसिलीतल्या लिऑन्टिनीचा गॉर्जियस इ.स.पू. ४२७ मध्ये आपल्या गावाचा दूत म्हणून अथेन्सला आला आणि त्याचं बोलणं ऐकून लोक थक्क झाले.

इथे बहुतेक नवशिके एक चूक करतात, मीही केली. सोफिस्टांना प्लेटोच्या तोंडूनच ओळखतात. म्हणजे एका पक्षकाराच्या तोंडून दुसऱ्याची ओळख! गॉर्जियसचं ‘हेलेनची स्तुती’ हे छोटं भाषण आजही उपलब्ध आहे, अर्ध्या तासात वाचून होतं. ते आधी वाचा. ट्रॉयच्या युद्धाला कारण झालेली हेलेन निर्दोष आहे, असं तो सिद्ध करायला निघतो. ती गेली ती दैवामुळे, नाहीतर बळजबरीने, नाहीतर शब्दांनी भुलून, नाहीतर प्रेमापायी. चारांपैकी काहीही धरलं तरी दोष तिचा नाही. तिसऱ्या कारणाशी तो रेंगाळतो. शब्द हा मोठा सत्ताधीश आहे, त्याचा देह अगदी लहान पण करणी दैवी, आणि औषधं जशी शरीरावर तसे शब्द मनावर चालतात, काही बरं करतात, काही विष होतात. शेवटी म्हणतो, हे भाषण म्हणजे माझा एक खेळ. मला तर ते वाचून आमच्या स्पर्धेतला परीक्षकच आठवला, जो निकालानंतर म्हणायचा, “विषय महत्त्वाचा नाही हो, मांडणी बघा.”

मग ‘अपॉलॉजी’. इ.स.पू. ३९९, ७० वर्षांचा सॉक्रेटिस कोर्टात. आरोप: नगराचे देव मानत नाही आणि तरुणांना बिघडवतो. सुरुवातीलाच तो म्हणतो की फिर्यादी इतकं पटेल असं बोलले की मी कोण हेच क्षणभर विसरलो, पण त्यांच्या बोलण्यात खरं जवळपास काहीच नव्हतं. हरला. फक्त ३० मतं इकडची तिकडे झाली असती तर सुटलो असतो, असं स्वतःच सांगतो. शिक्षा काय हवी, असं विचारल्यावर नगराने मला सन्मानाने जेवू घालावं म्हणाला, मग मित्रांच्या आग्रहाने दंडाचा आकडा सांगितला. पटवण्याच्या कलेच्या मापाने हे भाषण यशस्वी की अयशस्वी? वहीच्या उजव्या रकान्यात उत्तर लिहून ठेवा, पुढे लागेल.

## ३. ‘गॉर्जियस’ तीनदा वाचा

स्टेफानुसची ४४७ ते ५२७ अशी सुमारे ८० पानं. घाई केली तर दोन संध्याकाळी, पण घाई करू नका. मी तीन फेऱ्या सुचवतो.

पहिली फेरी नाटकासारखी. कोण बोलतंय, कोण चिडतंय, एवढंच बघा. तीन प्रतिस्पर्धी येतात आणि प्रत्येक जण आधीच्यापेक्षा जास्त निर्भीड. गॉर्जियस सभ्य, पोलस उतावळा, कॅलिक्लीझ उघड उघड बोलणारा.

दुसऱ्या फेरीत पेन्सिल घ्या. गॉर्जियसच्या भागात ४५४ पाशी थांबा. सॉक्रेटिस विचारतो, विश्वास बसणं आणि ज्ञान होणं एकच का? विश्वास खरा असतो तसा खोटाही असतो, ज्ञान खोटं असू शकत नाही. म्हणजे पटवणं दोन प्रकारचं, आणि कोर्टात, सभेत चालतं ते पहिलं. इंग्रजी भाषांतरात मला हा फरक कोरडा वाटला होता. मराठीत तो तयारच आहे: ‘पटलं’ आणि ‘कळलं’. माझ्या शिक्षकांना पॉलिसी पटली होती. कळली नव्हती.

गॉर्जियसचं म्हणणंही नीट ऐका. त्याचा भाऊ वैद्य. रोगी औषध घेईना, डाग देऊ देईना, तेव्हा वैद्याला जमलं नाही ते मी नुसत्या बोलण्याने करून घेतलं, असं तो सांगतो. पुढे असंही म्हणतो की मुष्टियुद्ध शिकलेल्या पोराने बापालाच मारलं तर दोष वस्तादाचा नाही. सॉक्रेटिस त्याला विसंगतीत पकडतो: शिष्याला न्याय-अन्यायही शिकवतो असं गॉर्जियस एकीकडे कबूल करतो, मग शिष्य अन्याय कसा करेल? पण त्या रोग्याचं काय? तो औषध प्यायला ना! या मुद्द्याला सॉक्रेटिसने पुरतं उत्तर दिलं असं मला आजही वाटत नाही. तुम्हाला वाटलं तर पेन्सिलने तिथे ‘हो’ लिहा.

नंतर ४६२ ते ४६६, या संवादाचं हृदय. वक्तृत्व ही विद्याच नाही, असं सॉक्रेटिस सांगतो. ती नुसती हातोटी. सरावाने जमते, पण ‘असंच का’ याचं उत्तर तिच्याकडे नसतं. तिचं खरं नाव खुशामत. मग तो जोड्या लावतो. शरीरासाठी व्यायाम, त्याची नक्कल नट्टापट्टा. शरीरासाठी वैद्यक, त्याची नक्कल पाककला. तसंच मनासाठी कायदे करणं, त्याची नक्कल सोफिस्टगिरी. आणि न्याय, त्याची नक्कल वक्तृत्व. ही जोडाजोड वहीत चौकटी आखून उतरवा, वाचून डोक्यात राहत नाही. पोरांच्या पंचायतीपुढे वैद्य आणि आचारी उभे केले तर वैद्य उपाशी मरेल, हा टोमणा इथलाच. पुढे ५२१ मध्ये तो हाच दाखला स्वतःवर घेतो: माझा खटला म्हणजे आचाऱ्याने मुलांसमोर वैद्यावर केलेली फिर्याद असेल. प्लेटोने हे सॉक्रेटिसच्या मृत्यूनंतर लिहिलंय हे लक्षात ठेवून वाचलं की अंगावर काटा येतो.

पोलसला हे सहन होत नाही. वक्ते हुकूमशहांसारखे हवं त्याला मारतात, हाकलतात, हे सामर्थ्य नाही तर काय? तो मॅसिडोनियाच्या आर्किलाउसची गोष्ट सांगतो. त्याने काकाला मारलं, चुलतभावाला मारलं, सात वर्षांच्या सावत्र भावाला विहिरीत टाकलं आणि त्याच्या आईला सांगितलं, हंसामागे धावताना पडला. आणि आता राजा आहे. हा माणूस सुखी नाही? सॉक्रेटिसचं उत्तर तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल: अन्याय सोसण्यापेक्षा अन्याय करणं वाईट, आणि करून शिक्षेतून सुटणं त्याहून वाईट. पोलस पोट धरून हसतो. सॉक्रेटिस विचारतो, हसणं हा खंडनाचा नवा प्रकार का?

या भागात डोळे उघडे ठेवा. सॉक्रेटिसचा युक्तिवाद ग्रीक ‘आइस्क्रॉन’ या शब्दावर उभा आहे. त्यात कुरूप आणि लाजिरवाणं असे दोन्ही अर्थ. तो एकावरून दुसऱ्यावर सरकतो का? इथे मला पहिल्यांदा वाटलं की हा म्हातारा चिठ्ठी उचललेल्या पोरासारखाच खेळतोय.

मग कॅलिक्लीझ. तो म्हणतो, पोलस शरमेपोटी हरला. निसर्गात बलवानाला जास्त मिळतं, हा निसर्गाचाच न्याय. कायदे म्हणजे दुबळ्यांनी बलवानाला घातलेली वेसण. तत्त्वज्ञान तरुणपणी शोभतं, पण प्रौढ माणूस कोपऱ्यात बसून तीन-चार पोरांशी कुजबुजत आयुष्य काढत असेल तर त्याला फटके द्यावेत. (हे मी बायकोला वाचून दाखवलं. तिने मान डोलावली.) हव्यास वाढवत राहणं हेच सुख, असं त्याचं म्हणणं, सॉक्रेटिस त्याला गळक्या रांजणाचा दाखला देतो. कॅलिक्लीझला झटकून टाकू नका. आपल्या आजूबाजूला तो रोज भेटतो, फक्त इतकं प्रामाणिक बोलत नाही.

तिसऱ्या फेरीत एकच काम: जिथे जिथे प्रतिस्पर्धी ‘हो’ म्हणतो आणि तुम्ही ‘नाही’ म्हटलं असतं, तिथे फुली मारा. माझ्या प्रतीत २३ फुल्या आहेत. या प्रश्नोत्तरांच्या पद्धतीचं नाव ‘एलेन्खोस’, म्हणजे उलटतपासणी. आपल्या न्यायदर्शनात सत्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचं मतच न मांडता दुसऱ्याचं पाडायचं ती वितंडा, अशी वाटणी आहे. सॉक्रेटिस यातलं काय करतोय, हे फुल्या मोजल्यावर ठरवा. ४५८ मध्ये तो स्वतः सांगतो की दुसऱ्याला खोडण्यापेक्षा स्वतः खोडला जाणं मला जास्त भल्याचं वाटतं.

## ४. चार शब्दांपाशी फसू नका

‘टेक्ने’ म्हणजे आजची कला नव्हे. कारण सांगता येतं अशी विद्या. सुताराची, वैद्याची. म्हणून ‘वक्तृत्व टेक्ने नाही’ याचा अर्थ ‘वक्तृत्व सुंदर नाही’ असा होत नाही.

‘अरेते’चं भाषांतर सद्गुण करतात आणि लगेच डोळ्यांसमोर शाळेच्या भिंतीवरचे सुविचार येतात. मूळ अर्थ उत्तमपणा. चाकूचाही अरेते असतो, धार.

‘युडायमोनिया’ला सुख म्हणतात. आनंदाची लहर नव्हे, सगळं आयुष्य नीट पार पडणं.

‘लोगोस’ म्हणजे शब्द, भाषण, कारण, तर्क, हिशोब. कुठे कोणता अर्थ, ते प्रत्येक वेळी बघावंच लागतं.

आणि आपला एक वाक्प्रचार हाताशी ठेवा: कळतं पण वळत नाही. सॉक्रेटिसच्या मते हे अशक्य आहे. खरंच कळलं असेल तर वळणारच, वळलं नाही म्हणजे कळलं नव्हतं. ॲरिस्टॉटल ‘एथिक्स’च्या सातव्या भागात याच प्रश्नाशी झगडतो. सिगारेट सोडता न आलेल्या कुणालाही तो भाग वाचायला द्या, तत्त्वज्ञान रटाळ असतं असं तो म्हणणार नाही.

## ५. ॲरिस्टॉटल मध्यस्थी करतो

प्लेटोच्या अकादमीत सुमारे २० वर्षं काढलेला हा शिष्य ‘ऱ्हेटॉरिक’च्या पहिल्याच वाक्यात वक्तृत्वाला तर्कचर्चेचं जोडीदार शास्त्र म्हणतो. गुरूने हातोटी म्हटलं, शिष्याने विद्येत बसवलं. त्याची व्याख्या (१३५५बी): कोणत्याही प्रसंगी पटवण्याची कोणती साधनं उपलब्ध आहेत ते पाहण्याची क्षमता. पटवण्याची नव्हे, पाहण्याची. रोगी बरा झाला नाही तरी वैद्यक विद्याच राहते, तसं. आता ‘अपॉलॉजी’बद्दल लिहिलेलं उत्तर काढून पुन्हा वाचा.

ही विद्या हवीच कशाला, याची त्याने दिलेली कारणं फार व्यवहारी आहेत. सत्य स्वभावतः जास्त बळकट असतं, तेव्हा ते हरलं तर मांडणाऱ्याचा दोष. काहींना नुसत्या ज्ञानाने पटत नाही (गॉर्जियसचा रोगी आठवा). दोन्ही बाजू दिसायला हव्यात, दोन्ही पटवण्यासाठी नव्हे तर कोणी चुकीचा युक्तिवाद केला तर खोडता यावा म्हणून. आणि हाताने स्वतःचा बचाव न करता येणं लाजिरवाणं, मग शब्दाने न येणं कसं चालेल? दुरुपयोग होतो हे खरं, पण सद्गुण सोडला तर तो आरोग्याचा, पैशाचा, सेनापतित्वाचाही होतो.

मग ते प्रसिद्ध त्रिकूट: वक्त्याचं चारित्र्य, श्रोत्याच्या भावना, युक्तिवाद. एथोस, पॅथोस, लोगोस. विक्रीच्या प्रशिक्षणात हे तीन शब्द मी ५० वेळा ऐकले आणि बहुतेक वेळा चुकीचे. ‘एथोस म्हणजे तुमचं पद, तुमची पदवी, तुमचा सूट.’ ॲरिस्टॉटल १३५६ए मध्ये उलट सांगतो: हा विश्वास त्या भाषणातूनच निर्माण व्हायला हवा, आधीच्या प्रतिष्ठेतून नव्हे. दुसऱ्या भागाच्या आरंभी तो त्याचे तीन घटक देतो: शहाणपण, सचोटी, आणि ऐकणाऱ्याबद्दल सद्भाव. त्या ४० मिनिटांत मी पहिला घटक दाखवला, दुसऱ्याला धक्का लागणार नाही एवढी काळजी घेतली आणि तिसऱ्याचं उत्तम सोंग केलं.

भावनांची प्रकरणं (दुसरा भाग, २ ते ११) गाळू नका. राग म्हणजे काय, कोणावर येतो, कशाने? उघड उपेक्षेचा उघड सूड घेण्याची दुःखासह येणारी इच्छा, आणि तरी सूडाच्या कल्पनेत एक गोडी. मानसशास्त्राचं इतकं चांगलं पहिलं पुस्तक मला तरी माहीत नाही.

युक्तिवादातला मुख्य शब्द ‘एन्थिमीम’. एक पायरी न सांगता सोडायची आणि ती श्रोत्याने भरायची. त्याचं उदाहरण: डोरियस ऑलिम्पियात जिंकला म्हटलं की पुरे, बक्षीस मुकुटाचं असतं हे सांगावं लागत नाही. आपलं उदाहरण घ्या: ‘दरवर्षी वारीला जातो, त्याला मत द्यायला काय हरकत?’ गाळलेली पायरी कोणती? जो वारीला जातो तो पैसे खात नाही, अशी काहीतरी. मोठ्याने म्हणून बघितली तर हसू येतं, न म्हणता ऐकणाऱ्याने स्वतःच भरली की पक्की बसते. आठवडाभर बातम्या, जाहिराती, घरातली भांडणं यातून रोज एक गाळलेली पायरी पकडून वहीत लिहा. सबंध मार्गदर्शकातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

## ६. नीतीच्या तीन वाटा, एकाच प्रसंगावर

तीन सिद्धांत वेगवेगळे पाठ केले तर परीक्षेपुरते राहतात. स्वतःच्या आयुष्यातला एक टोचणारा प्रसंग घ्या आणि तिघांपुढे ठेवा. माझा तुम्हाला माहीत आहे.

ॲरिस्टॉटल विचारतो, असं करून तू कोण होत चालला आहेस? घरं बांधून गवंडी होतो, वीणा वाजवून वादक, तसाच न्याय करून न्यायी. एक पॉलिसी विकल्याने मी लबाड झालो नाही. तीनशेव्यांदा तेच केल्यावर मात्र लाज वाटेनाशी झाली. इथला सापळा ‘सुवर्णमध्य’. लोकांना वाटतं थोडं इकडचं, थोडं तिकडचं. तो स्वतः सांगतो की १० माप अन्न जास्त आणि २ कमी म्हणून सगळ्यांना ६ योग्य असं होत नाही, मायलो पैलवानाला ते कमीच पडेल. शिवाय खून, चोरी यांना मध्यच नसतो.

कांटचं उदाहरण जणू माझ्यासाठीच: परत करायचे नाहीत हे माहीत असताना परत करण्याचं वचन देऊन उसने मागणारा माणूस. सगळेच तसं करू लागले तर वचन ही गोष्टच उरणार नाही, मग खोटं वचन देणार कशाच्या जोरावर? सापळा असा की हे ‘परिणाम वाईट होतील’ म्हणून नव्हे. तो नियम सार्वत्रिक केला की स्वतःलाच खाऊन टाकतो, म्हणून. दुसरं सूत्र जास्त ओळखीचं: माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. ‘केवळ’ हा शब्द गाळू नका. दुकानदार आपल्याला साधनच असतो, पण तेवढाच नसतो. मी खोटं बोललो नव्हतो ही माझी ढाल इथे मोडली. ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’ या १७९० च्या ग्रंथात कांट वक्तृत्वावरच घसरतो: माणसाच्या दुबळेपणाचा स्वतःच्या हेतूसाठी वापर करणारी ही कला आदराला पात्र नाही. प्लेटोनंतर इतका कडक शब्द मी वाचला नाही.

मिलच्या उपयुक्ततावादाचा अर्थ ‘माझा फायदा’ असा लावू नका. संबंधित सगळ्यांचं सुख मोजायचं, त्यात माझं एकाच माणसाइतकं. माझं कमिशन आणि शिक्षकांचे पैसे तागडीत घातल्यावर सांगायला नकोच. पण मिलमधलं माझं आवडतं ते ‘ऑन लिबर्टी’चं दुसरं प्रकरण. फक्त आपलीच बाजू माहीत असलेल्याला तीही फारशी माहीत नसते, असं तो सांगतो, आणि प्राचीन काळच्या एका थोर वक्त्याचा दाखला देतो, जो विरुद्ध बाजूचा अभ्यास आपल्या बाजूहूनही कसून करायचा. माझ्या चिठ्ठीवाल्या स्पर्धांची थोडी इज्जत इथे परत मिळाली. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांचा आगरकरांवर मोठा प्रभाव होता, तेव्हा ‘सुधारक’मधले निबंध शाळेत वाचलेल्यांना हा सूर अनोळखी वाटणार नाही.

## ७. शिकलेलं एका न झालेल्या भाषणावर तपासा

सरावासाठी डॉ. आंबेडकरांचं ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ घ्या. ते कोलंबिया विद्यापीठात अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युईंचे विद्यार्थी होते, आणि लोकशाही म्हणजे एकत्र जगण्याची रीत, हा ड्युईंचा विचार त्यात दिसतो. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने त्यांना १९३६ च्या अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलं, भाषणाचा मसुदा बघून हरकती घेतल्या. बाबासाहेबांनी मजकूर बदलायला नकार दिला, भाषण झालंच नाही, आणि त्यांनी ते स्वतः छापलं.

आता पाचव्या पायरीची हत्यारं काढा. आरंभी ते यजमानांबद्दल सहानुभूती व्यक्त करतात: मला निवडल्याबद्दल तुम्हाला पुष्कळ प्रश्न विचारले जातील. एथोसचे तीन घटक कुठे कुठे दिसतात? विरोधकाची बाजू किती ताकदीने मांडली आहे, मिलच्या कसोटीला उतरेल एवढी? मग तिसऱ्या पायरीचा प्रश्न: श्रोत्यांना गोड लागेल असं एक वाक्य घालून भाषण वाचवता आलं असतं. वैद्य की आचारी?

## ८. एकट्याने वाचू नका

दोघं पुरेत. आम्ही चौघं दर रविवारी सकाळी एकाच्या गच्चीवर बसायचो, पोहे आणि ‘गॉर्जियस’. भूमिका वाटून मोठ्याने वाचायचं, अडेल तिथे मराठीत सांगायचं, आणि मराठीत सांगता आलं नाही तर कळलं नाही असं समजून मागे जायचं. गावात कोणी मिळत नसेल तर फोनवरही चालतं. दर भेटीला ५-६ स्टेफानुस-पानं, जास्त नकोत.

भूमिका दर आठवड्याला फिरवा. सॉक्रेटिस सगळ्यांना हवा असतो असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात भांडण कॅलिक्लीझसाठी झालं. ५०५ पाशी एक अडचण येईल, तिची आधीच कल्पना देतो. कॅलिक्लीझ वैतागून उत्तरं द्यायचं सोडतो, आणि सॉक्रेटिस स्वतःच प्रश्न विचारतो, स्वतःच उत्तरं देतो. तिथे कॅलिक्लीझ वाचणाऱ्याने पुस्तक मिटून नुसतं समोर बसायचं, आणि सॉक्रेटिस वाचणाऱ्याने त्याच्या चेहऱ्याकडे बघत वाचायचं. आमच्यात त्या दिवशी कॅलिक्लीझ मी होतो. समोरचा मित्र चांगला वाचत होता, मुद्दे बिनतोड होते, आणि मी त्या शिक्षकांसारखा गप्प बसून ऐकत होतो.